यान उतरवायला पैसे नव्हते

आधी एक विचारतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ पाहिलेले इथे किती जण आहेत? हात वर करा. ...बरेच आहेत की! आणि ज्यांचे हात वर गेले त्यांचे केस माझ्यासारखेच पिकलेले दिसताहेत.

तेव्हा आपण तोंडाचा आ वासून बघायचो. ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानाचा कप्तान कर्क आणि त्याचा साथीदार स्पॉक एका चकतीवर उभे राहतात, चमचम होते, विरघळतात आणि खाली कुठल्यातरी परग्रहावर उगवतात. केवढं पुढचं विज्ञान! आज थोडा हिरमोड करतो तुमचा. ते विज्ञान नव्हतं, तो जमाखर्च होता.

१९६६ साली डेसिलू स्टुडिओत ही मालिका सुरू झाली. दर आठवड्याला नवा ग्रह म्हणजे दर आठवड्याला ते अवाढव्य यान नव्या जमिनीवर उतरवून दाखवायचं. मॉडेलं करा, त्यांचं वेगळं चित्रीकरण करा. टीव्हीच्या वेळापत्रकात आणि पैशात ते बसणारच नव्हतं. मग यान वरच फिरत ठेवायचं आणि माणसं तेवढी खाली पाठवायची, असा तोडगा निघाला. ती चमचम म्हणजे प्रखर उजेडाच्या झोतात पडणारी ॲल्युमिनियमची भुकटी. आपल्या दशावतारात राजा रंगमंचावर एक फेरी मारतो आणि वनात पोचतो, तिथे रथाचा खर्च कोण विचारतं? तसंच हे. शिवाय गोष्ट दुसऱ्या मिनिटाला ग्रहावर पोचते, हा फायदा फुकटात.

पण ही काटकसर कधी कधी उघडीही पडायची. सुरुवातीच्या एका भागात ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसं खाली-वर पाठवणारं ते यंत्र, बिघडतो आणि यानाचा चालक सुलू व त्याचे सोबती ग्रहावर थंडीनं काकडत बसतात. त्यांना आणायला छोटं यान का पाठवत नाहीत? कारण ते अजून बांधलेलंच नव्हतं! पुढे एएमटी नावाच्या खेळण्यातली मॉडेलं विकणाऱ्या कंपनीनं ते बांधून दिलं. बदल्यात तिला ‘एंटरप्राइझ’ची मॉडेलं विकायचा हक्क मिळाला. नंतर एका भागात दुसरं, मोडकं यान हवं होतं. तेव्हा त्याच कंपनीचा मॉडेलचा खोका आणला, ‘एंटरप्राइझ’च्या १७०१ या आकड्यांची अदलाबदल करून १०१७ केलं, मॉडेल थोडं जाळलं, ठोकलं आणि उभं केलं. माझ्या मते संपूर्ण मालिकेतल्या पहिल्या पाचांत बसेल असा भाग आहे तो.

आता पैसे कुणाचे ते बघू. पहिल्या वर्षी एका भागाला साधारण १ लाख ९० हजार डॉलर लागत. एनबीसी वाहिनी देत होती ते याहून कमी, म्हणजे प्रत्येक भागामागे स्टुडिओला खोट. डेसिलूची मालकीण होती लुसील बॉल, विनोदी अभिनेत्री. तिच्या संचालकांना हा जुगार नको होता, तिनं तो रेटून नेला. १९६७ मध्ये तिनं स्टुडिओ विकला, आणि मालिका पॅरामाउंट कंपनीकडे गेली. तिकडे एनबीसीची मालक कंपनी आरसीए, आणि तिला रंगीत टीव्ही संच खपवायचे होते. त्या सोनेरी, निळ्या, लाल सदऱ्यांकडे या नजरेनं एकदा बघा.

मालिकेचा जनक जीन रॉडनबेरीचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण रोजची लढाई लढत होता सहनिर्माता रॉबर्ट जस्टमन. प्रत्येक संहितेवर त्याचा मेमो जायचा: हे परवडणार नाही, ते दुसरीकडे हलवा, इतकी माणसं कशाला. ‘द केज’ नावाचा पहिला नमुना भाग सहा लाखांहून जास्त डॉलर खर्चून केला होता आणि एनबीसीनं तो नाकारला होता. पुढे संहिता कमी पडू लागल्या तेव्हा त्याच चित्रीकरणाभोवती एका खटल्याची नवी गोष्ट गुंफली आणि दोन भाग काढले. घरी उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करतात ना, तसंच! आणि त्या भाताला १९६७ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

रोम्युलन आठवतात? मालिकेतले टोकदार कानांचे शत्रू. ते कान चिकटवायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून बऱ्याच रोम्युलन सैनिकांना कान झाकणारी शिरस्त्राणं घातली. क्लिंगॉन या दुसऱ्या शत्रूंना तेव्हा नुसता चेहऱ्याला रंग आणि दाढीमिशी पुरायची. मालिकेत कुठला शत्रू जास्त वेळा दिसतो, ते मी सांगायला नको.

क्लिंगॉन ज्यानं आणले त्या माणसापाशी मला थोडं थांबायचंय. जीन कून. १९६६ च्या मध्यावर तो निर्माता म्हणून आला, जेमतेम वर्षभर राहिला. यानोश प्रोहास्का नावाचा एक कलाकार होता, राक्षसांचे पोशाख स्वतः शिवून स्वतः आत शिरायचा. त्यानं एक पोशाख आणून दाखवला. जळक्या पिझ्झ्यासारखा सरपटणारा गोळा! दुसरा कुणी हसून घालवता. कूननं त्यावर थोड्याच दिवसांत संहिता लिहिली. खाणीतले कामगार मरताहेत, मारतो तो हा राक्षस, आणि शेवटी कळतं की ती आई आहे, कामगार तिची अंडी फोडताहेत. सेट म्हणाल तर बोगद्यांचा, तेच वळण पुन्हा पुन्हा. गालिच्याच्या तुकड्यासारख्या त्या वस्तूवर हात ठेवून स्पॉक कळवळतो, आणि आपणही. हा भाग मी पुन्हा बघतो तेव्हा अजूनही हसू येत नाही.

म्हणून ‘टंचाईतून कल्पकता जन्मते’ असं कुणी म्हणालं की मी बिचकतो. तिसरं वर्ष घ्या. भागाचा खर्च १ लाख ७८ हजारांच्या आसपास आणला, नटांचे पगार मात्र करारानुसार वाढलेले. वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची, म्हणजे तरुण प्रेक्षक घराबाहेर असताना. रॉडनबेरी रोजच्या कामातून बाजूला झाला. नवा निर्माता फ्रेड फ्रायबर्गर. त्याला लोक अजून शिव्या घालतात, मला ते अन्यायाचं वाटतं, हातात काय दिलं होतं त्याच्या? जस्टमनही वर्ष संपायच्या आत सोडून गेला. टंचाई सर्वांत जास्त तेव्हा होती. कल्पकता कुठे होती?

एक अपवाद आहे. जुन्या अमेरिकी काउबॉय गावातल्या गोळीबाराचा भाग. पुरं गाव उभं करायला पैसे नव्हते, म्हणून लाल आकाशाखाली नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केल्या. ते अर्धवट गाव दुःस्वप्नासारखं अंगावर येतं. लेखक ‘ली क्रोनिन’, म्हणजे टोपणनावानं लिहिणारा कूनच. पण थांबा, स्पॉकचा मेंदू चोरीला जातो तो सर्वांत टिंगल झालेला भागही याच ली क्रोनिनचा! लिहिणारा तोच होता. पण आता तो संहिता पाठवून घरी बसायचा. सेटवर उभं राहून ‘हे कापा, हे ठेवा’ म्हणायला निर्मात्याच्या खुर्चीत तो नव्हता.

१९६९ मध्ये ७९ भागांवर मालिका बंद झाली. पॅरामाउंटच्या लेखी ती बुडीत खात्यातली. १९७० मध्ये त्यांनी रॉडनबेरीला सगळे हक्क विकत घेण्याबद्दल विचारलं, किंमत दीड लाख डॉलर. एका भागाच्या खर्चापेक्षाही कमी. त्याच्याकडे तेवढे पैसे नव्हते.