पायातला आवाज

नमस्कार श्रोतेहो. आधी एक आवाज तोंडानंच काढून दाखवतो. शूऽप्-शुप्... शूऽप्-शुप्. वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं, जाड पेनाएवढं डॉप्लर यंत्र निरोगी पायाच्या घोट्याजवळ, आतल्या बाजूला टेकवलं की असं ऐकू येतं. धमनी अरुंद झालेली असेल, तर वाऱ्यासारखं नुसतंच शूऽऽ. आणि ती पार तुंबली, की काहीच नाही. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया शिकायला मी ह्यूस्टनला गेलो. पहिल्या वर्षी हातात सुरी कमीच आली, कानच जास्त तयार झाला.

अमेरिकेत या शिक्षणाच्या दोन वाटा आहेत. पाच वर्षं जनरल सर्जरी आणि वर दोन वर्षं रक्तवाहिन्यांची, ही जुनी. दुसरी नवी, एमडी, म्हणजे तिथली डॉक्टरकीची पहिली पदवी, झाल्या झाल्या थेट पाच वर्षांची. आपल्याकडे एम.एस.नंतर तीन वर्षांचं एम.सीएच. असतं. रेसिडेंटनं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरनं, आठवड्याला सरासरी ८० तासांपेक्षा जास्त काम करू नये, असा तिथे २००३ पासून नियम आहे. घरी येऊन केलेला अभ्यास मात्र त्या ८०त धरत नाहीत. तो झोपेतूनच कापायचा!

रात्री दोनला पेजर वाजतो. ‘पाय गार पडलाय.’ हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या माणसाच्या हृदयात गुठळी होते, ती सुटते आणि मांडीच्या नाहीतर गुडघ्यामागच्या धमनीत जाऊन अडकते. पाय पांढरा पडतो, बोटं हलेनाशी होतात. साधारण सहा तासांच्या आत रक्त पुन्हा वाहायला हवं, नाहीतर स्नायू मरायला लागतात. मग जांघेत छोटीशी चीर द्यायची, बारीक नळी गुठळीच्या पलीकडे सारायची, टोकाचा फुगा फुगवायचा आणि हलकेच मागे ओढायचं. ही नळी थॉमस फोगार्टी या अमेरिकन सर्जनची. पहिला फुगा त्यांनी रबरी हातमोज्याच्या बोटाचा केला होता आणि मासेमारीचे गळ बांधायच्या गाठींनी तो नळीला बांधला होता.

ह्यूस्टनमध्ये अशा कारागिरीचे दाखले पावलोपावली. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे नामवंत सर्जन मायकल डिबेकी १९४८ साली तिथे आले. शिवणकाम ते लहानपणी आईकडून शिकलेले. कृत्रिम धमनीसाठी नायलॉन आणायला दुकानात गेले, तर ते संपलेलं. मग डेक्रॉनचं, म्हणजे पॉलिस्टरचं, कापड घेतलं आणि घरच्या शिलाई मशीनवर नळी शिवली. महाधमनी फाटण्यावरची शस्त्रक्रिया त्यांनीच विकसित केली आणि २००६ साली, वयाच्या ९७व्या वर्षी, तीच त्यांच्यावर करावी लागली. त्यातून ते बरे झाले! धमनी न चेचता धरणारा त्यांचा चिमटा आजही ‘डिबेकी द्या’ म्हणूनच मागतात. माझी आजी म्हणे, सुईत दोरा ओवता येत नाही तो डॉक्टर कसला. तिचं म्हणणं तिथे पटलं.

शहर तसं सपाट. डोंगर नाही, घाट नाही. उन्हाळ्यात कोकणासारखा घाम आणि इमारतींच्या आत हिवाळा. गावातून बायू नावाचे संथ ओढे वाहतात आणि पावसाळी वादळात तेच अंगावर येतात. २००१ साली ॲलिसन वादळाचं पाणी टेक्सास मेडिकल सेंटरमधल्या इस्पितळांच्या तळघरांत शिरलं. त्यानंतर तिथे पूर रोखणारे दरवाजे बसले. २०१७च्या हार्वे वादळात ते उपयोगी पडले. आता वादळाची सूचना आली की एक तुकडी कपडे आणि औषधं घेऊन इस्पितळातच मुक्कामाला जाते. पाणी ओसरेपर्यंत सुटका नाही.

सुट्टी मिळाली की मी हिलक्रॉफ्ट रस्त्यावर जायचो. तिथल्या भागाला महात्मा गांधींचं नाव आहे, साड्यांची आणि किराण्याची दुकानं आहेत. पोहे मिळत. कढीपत्ता ताजा. कुणीतरी मराठीत भाव विचारत असे आणि मी उगाच त्या रांगेत रेंगाळायचो.

आता त्या गार पायाबद्दल. एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरची पहाटे शस्त्रक्रिया संपली. लांबलचक काळी गुठळी बाहेर आली होती. मी वॉर्डात जाऊन घोट्याला डॉप्लर लावला. शूऽप्-शुप्. डोळे न उघडताच ते पुटपुटले, ‘पोरा, तो रेडिओ जरा बारीक कर.’