पडद्यामागचे अँथनी गोन्साल्विस

नमस्कार श्रोतेहो. १९७७ सालचा 'अमर अकबर अँथनी' आठवतो ना? भल्यामोठ्या अंड्यातून अमिताभ बच्चन बाहेर येतात आणि आपलं नाव अँथनी गोन्साल्विस असल्याचं गाऊन सांगतात. या नावाचा माणूस खरोखरच होता. संगीतकार प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. सिनेमात हे नाव आलं ते प्यारेलाल यांच्यामुळेच.

गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७चा. वडील चर्चच्या गायकवृंदाचे मास्तर. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य नोटेशन, म्हणजे सूर कागदावर लिहायची-वाचायची पद्धत, शिकवत, आणि मुंबईच्या स्टुडिओंना नेमकं तेच हवं होतं. संगीतकार पेटीवर चाल वाजवून दाखवी. पण समोर रांगेनं बसलेले व्हायोलिनवाले, चेलो, ट्रम्पेट, यांतल्या कुणी कधी काय वाजवायचं? ते सगळं पाच रेघांच्या कागदावर उतरवणारा तो अरेंजर. मुखडा संपून अंतरा सुरू होईपर्यंतचा जो तुकडा आपण हटकून गुणगुणतो, तो पुष्कळदा त्याच्याच हातचा. श्रेयनामावलीत मात्र त्याला क्वचितच जागा मिळे. मला विचाराल तर हा सरळसरळ अन्याय होता.

गोन्साल्विस १९४३मध्ये मुंबईत आले, नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले, पुढे अरेंजरही झाले. राहुलदेव बर्मनही गोन्साल्विस यांच्याकडे शिकले. पण त्यांचा जीव गुंतला होता तो निराळ्याच गोष्टीत: आपले राग सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी, म्हणजे पाश्चात्त्य धर्तीच्या मोठ्या वाद्यवृंदासाठी, लिहिण्यात. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! पण असला पसारा पदरमोड करून किती दिवस चालणार? १९६५मध्ये ते अमेरिकेला, सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर फिल्मी दुनियेत काही ते रमले नाहीत, माजोर्ड्यातच राहिले. २०१२मध्ये गोव्यातच गेले.

गोव्याचेच आणखी एक, हळदोण्याचे चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट असा फुंकत की लोक त्यांना, अमेरिकेतल्या नामवंत जॅझ ट्रम्पेटवाल्यावरून, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या पुणतांब्याच्या अण्णा चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्र यांचे ते साहाय्यक. १९५१च्या 'अलबेला'त भगवानदादा ज्या तालावर थिरकले, त्यात चिक यांचा वाटा मोठा. त्यातलंच एक गाणं आता लावतो आहोत. शब्दांकडे जरा काणाडोळा करा आणि ट्रम्पेट ऐका.