तळाचं ताट कोण वाढतं?

अंटार्क्टिकाच्या समुद्रतळाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या थंडीत तिथे कुणी जगतं तरी कसं? पण मंडळी, थंडी ही तिथली अडचण नाहीच. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या मॅकमर्डो साउंड या सामुद्रधुनीत पाणी वर्षभर उणे 1.9 अंशांच्या आसपास असतं आणि तिथल्या जिवांची शरीरं त्याच पाण्यासाठी घडलेली आहेत. खरी ओढाताण आहे ती पोटाची.

पॉल डेटन आणि जॉन ऑलिव्हर या सागरी जीवशास्त्रज्ञांनी तिथल्या दोन्ही किनाऱ्यांचा गाळ तपासला आणि 1977 मध्ये निष्कर्ष छापले. पूर्वेकडे एका चौरस मीटरमध्ये लाखाहून जास्त जीव! नळीत राहणाऱ्या अळ्या, चिमुकले कवचधारी, सगळे एकमेकांना खेटून. पश्चिमेला न्यू हार्बरजवळ मात्र असा शुकशुकाट, की त्यांना तुलनेला खोल महासागराचा तळ घ्यावा लागला. मधलं अंतर जेमतेम 50-60 किलोमीटर. थंडी दोन्हीकडे तीच.

फरक पडतो तो पाणी कुठून येतं यानं. पूर्वेला ते उत्तरेच्या मोकळ्या समुद्राकडून येतं, उन्हाळ्यात फुललेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, सोबत घेऊन. पश्चिमेला येतं ते रॉस आइस शेल्फच्या पोटाखालून. हे म्हणजे समुद्रावर तरंगणारं, शेकडो मीटर जाडीचं बर्फाचं पठार. त्याखाली ऊन नाही, म्हणून शेवाळ नाही. ते पाणी रिकाम्या हातानंच येतं.

बर्फ तळावर थेट हातही टाकतो. उथळ भागात पाणी गोठणबिंदूच्याही खाली गेलं की बर्फाचे पातळ पापुद्रे तळालाच धरतात, दगडावर, स्पंजावर, सागरी अर्चिनच्या काट्यांवर. बर्फ पाण्यापेक्षा हलका. पापुद्र्यांचा झुबका पुरेसा मोठा झाला की तो चिकटलेल्या प्राण्यासकट सुटून वर जातो आणि वरच्या बर्फाच्या छतात रुततो. तळाशी स्वस्थ बसलेला जीव छतात गोठून मरतो, ही कल्पनाच मला अस्वस्थ करते. म्हणून सुमारे 15 मीटरपर्यंतचा तळ बराचसा उघडाबोडका असतो. त्याखाली प्रवाळांचे नातेवाईक दिसू लागतात, आणि 33 मीटरच्या पुढे, जिथे हा बर्फ पोहोचत नाही, तिथे स्पंजांचं राज्य. काही काचस्पंज, म्हणजे काचेसारख्या सिलिकाचा सांगाडा असलेले स्पंज, माणसाएवढे उंच!

हाच बर्फ उत्तर ध्रुवाकडे मात्र वाढप्या होतो. तिथे समुद्री बर्फाच्या खालच्या अंगाला मेलोसिरा नावाच्या शेवाळाच्या लांब झिपऱ्या लोंबत असतात. 2012 च्या उन्हाळ्यात आर्क्टिकचा बर्फ उपग्रह-नोंदींतल्या नीचांकावर गेला. त्याच वेळी ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन-जहाज तिथे होतं. त्यावरच्या संशोधकांनी कॅमेरा चार हजार मीटर खाली सोडला, तर गाळावर शेवाळाचे गोळे पडलेले. बर्फ वितळला, झिपऱ्या सुटल्या आणि थेट तळाशी गेल्या. एरवी कणाकणानं अन्न मिळणाऱ्या त्या तळावर समुद्रकाकड्या आणि सर्पतारे हे तळावरचे प्राणी या गोळ्यांवर ताव मारत होते. जे उरलं ते जिवाणूंनी खायला घेतलं, आणि त्यात त्यांनी इतका प्राणवायू ओढला की गोळ्यांखालच्या गाळात तो जेमतेम वरच्या थरापुरता शिल्लक राहिला.