मधली खुर्ची

अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. १९७० च्या दशकातली गोष्ट.

दोन सख्ख्या बहिणी. थोरली १७ वर्षांची, धाकटी १२ वर्षांची. दोघींनाही मधुमेह. आईवडील तेच, घर तेच, जेवणखाणही तेच. धाकटीची तब्येत बऱ्यापैकी ताब्यात असायची. थोरलीला मात्र इन्शुलिन नेमानं देऊनही रक्तात आम्ल वाढायचं आणि तिला पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात भरती करावं लागायचं. तिथे गेल्यावर तेच इन्शुलिन तिला छान लागू पडायचं. घरी आली की पुन्हा तोच त्रास.

फिलाडेल्फिया चाइल्ड गायडन्स क्लिनिकचे प्रमुख होते साल्वादोर मिनुचिन. जन्म १९२१ चा, अर्जेंटिनातला. मुळात लहान मुलांचे डॉक्टर. या क्लिनिकमध्ये येण्याआधी न्यूयॉर्क राज्यातल्या विल्टविक नावाच्या, मुलांच्या निवासी शाळेत ते काम करत. मुलगा शाळेत सुधारतो आणि घरी परतला की जुन्या वळणावर जातो, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. म्हणून एकट्या मुलाला तपासणं त्यांना पटेनासं झालं. सगळं घरच समोर बसवायचं, असं त्यांनी ठरवलं.

या कुटुंबालाही बसवलं. आधी फक्त आईवडील. त्यांना त्यांच्या वादाच्या विषयावर बोलायला सांगितलं. मुली पलीकडच्या खोलीत, एकतर्फी काचेमागून पाहत होत्या. ठरावीक वेळानं सगळ्यांच्या रक्ताचे नमुने घेतले जात होते. मनावर ताण आला की रक्तात वाढणारी मेदाम्लं त्यात मोजायची होती.

वाद पेटला तशी दोन्ही मुलींची पातळी चढली. मग मुलींना आत घेतलं. आईनं थोरलीकडे पाहिलं, वडिलांनीही थोरलीकडेच. दोघांनाही ती आपल्या बाजूनं हवी होती. एकाला हो म्हणावं तर दुसऱ्याला दुखवावं लागणार. धाकटीला कुणी काही विचारलंच नाही. मुली आत आल्यावर आईवडिलांचा ताण उतरला. बैठक संपल्यावर धाकटीचे आकडे मूळ जागी आले. थोरलीचे वरच राहिले.

आईवडिलांचं भांडण थोरली अंगावर झेलत होती. आणि यात वाईट माणूस कुणीच नव्हतं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ती मध्ये पडली की घर शांत व्हायचं, म्हणून सगळेच नकळत तिला मध्ये ओढत राहिले.

अशी घडी मोडायची कशी? ‘मुलीला मध्ये आणू नका’ एवढं सांगून भागत नाही. आईवडील मान डोलावतात आणि संध्याकाळी तेच करतात. म्हणून मिनुचिन भांडणाची हकिगत ऐकून थांबत नसत, ते भांडण समोरच घडवून आणत. त्याआधी घरात मिसळायचं, त्यांच्या ढंगानं बोलायचं, आजोबांचा मान असेल तर आधी आजोबांशी बोलायचं. विश्वास बसला की मग नवऱ्याला सांगायचं, ‘हे माझ्याशी नको, बायकोशी बोला.’ दोन वाक्यं होत नाहीत तोच मुलगी तोंड उघडते. थेरपिस्ट तिला हातानं थांबवतो. उठवतो, तिची खुर्ची आईवडिलांच्या मधून काढून आपल्या शेजारी ठेवतो. आता मध्ये कुणी नाही. नवराबायको अवघडतात, छताकडे बघतात, विषय बदलू पाहतात. थेरपिस्ट त्यांना सोडवत नाही. एरवी जिथे मुलगी धावून आली असती, त्या जागेच्या पुढे ते दोघं पहिल्यांदाच जातात. भांडण मिटेल असं नाही, पण ते त्या दोघांचं राहतं. मग पुढच्या बैठकीत पुन्हा तेच. आणि पुन्हा. खरी मेहनत या पुन्हा-पुन्हात आहे.

मिनुचिन यांचे हे प्रयोग थोड्याच कुटुंबांवरचे होते. पुढे त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. घराच्या वागण्यामुळेच मूल आजारी पडतं, असा अर्थ काढून कित्येक आईवडिलांना दोषी ठरवलं गेलं. लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधल्या गटानं हा रोख बदलला. खाणंच सोडून देणाऱ्या मुलामुलींच्या उपचारात त्यांनी आईवडिलांना दोषमुक्त केलं आणि उपचाराची सूत्रं त्यांच्याच हाती दिली. अशा मुलांच्या कुटुंबाला मिनुचिन क्लिनिकमध्येच जेवायला बसवत. ती बैठक मात्र या गटानं ठेवली. आजही या उपचारात आईवडील डबा घेऊन येतात, आणि मुलाच्या ताटात किती वाढायचं हे आधी दोघं मिळून ठरवतात.