जोगळटेंभीची नाणी आणि पहिल्या वर्षाचा पेपर

श्रोतेहो, नमस्कार.

कला शाखेच्या पहिल्या वर्षात प्राचीन भारताचा इतिहास शिकवला जातो, तेव्हा हडप्पा संस्कृतीपासून गुप्तकाळापर्यंतची सुमारे तीन हजार वर्षे बहुधा एकाच सत्रात उरकावी लागतात. साहजिकच विद्यार्थ्याच्या वहीत राजवंशांच्या याद्या जमतात, ‘टिपा लिहा’ या प्रश्नासाठी परिच्छेद पाठ होतात आणि परीक्षेनंतर त्यांतले फारसे काही उरत नाही. या काळाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून ठाऊक झाले, हे पहिल्याच वर्षी शिकवले पाहिजे आणि त्यासाठी दोन-तीन राजवंश गाळावे लागले तरी ते खुशाल गाळावेत, असे माझे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. ही नाणी १३,००० हून अधिक होती आणि मुळात ती सगळी क्षहरात वंशातला क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याची होती. मात्र त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा उमटवलेला होता; नहपानाच्या मुखवट्यावर आणि अक्षरांवरच सातवाहनांची चिन्हे दाबून बसवलेली दिसतात. पराभूत राजाची नाणी वितळवून नवी पाडण्यापेक्षा त्यांच्यावरच शिक्का मारणे सोयीचे होते, आणि सत्ता कोणाकडे गेली हे त्यामुळे बाजारात कोणालाही वेगळे सांगावे लागत नव्हते.

आता याच घटनेचा दुसरा पुरावा पाहा. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. तो नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे मुलाच्या मृत्यूनंतर, कोरवलेला आहे. त्यात गौतमीपुत्राला खखरात, म्हणजे नहपानाच्या क्षहरात, वंशाचा निःशेष नाश करणारा असे म्हटले आहे. आईने दिवंगत मुलाची केलेली ही स्तुती आहे, त्यामुळे ती तोलूनमापून वाचायला हवी. पण नाण्यांना कोणाची स्तुती करायची नव्हती, आणि तीही तेच सांगतात. भिन्न हेतूंनी निर्माण झालेले दोन पुरावे एका निष्कर्षावर येतात, तेव्हा त्या निष्कर्षाला बळ मिळते. हे तत्त्व ग्रंथांतून शिकवायला तासन्‌तास लागतात. एका ठसा मारलेल्या नाण्याचे मोठे छायाचित्र भिंतीवर दाखवले, तर विद्यार्थीच प्रश्न विचारू लागतात. उरलेल्या नाण्यांवर शिक्का का मारला नाही? इतकी चांदी कोणी पुरली, आणि तो ती न्यायला परत का आला नाही?

यापुढची पायरी अवघड आहे, पण ती टाळू नये. नहपान नेमका केव्हा होऊन गेला? त्याच्या काळातील नाशिक आणि जुन्नर येथील लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती इसवी सन ७८ मध्ये सुरू झालेल्या शक संवताची मानली, तर नहपान इसवी सन १२४ च्या आसपास राज्य करत होता. ती त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांची मानली, तर तो पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे जातो; पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनातील राजाचे नाव नहपानाचेच समजणारे अभ्यासक या मताकडे झुकतात. विद्वानांनी दोन्ही बाजूंनी वाद घातला आहे. पाठ्यपुस्तक मात्र बहुतेक वेळा एकच सन छापते, जणू तो लेण्यातच कोरलेला होता.

लेख आणि नाणी नसलेल्या काळासाठी इनामगाव घ्यावे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या दरम्यानच्या तिथल्या वस्तीत घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुले आणि पाय तोडून पुरलेली प्रौढ माणसे आढळली. पाय का तोडले, याचा खुलासा करणारा शब्द तिथे कोणी लिहून ठेवलेला नाही. मृताने परत येऊ नये म्हणून, असा तर्क केला जातो. तो पटण्याजोगा असला तरी तर्कच आहे, हे वर्गात दोनदा सांगितले पाहिजे.

यावर प्राध्यापकांची रास्त शंका येते की अभ्यासक्रम पुरा कसा होणार आणि कालक्रम कच्चा राहिला तर पुढच्या वर्षी काय करायचे. कालक्रम लागतोच, त्यासाठी एक पानाचा तक्ता पहिल्याच आठवड्यात देऊन ठेवावा. पेपर काढणाऱ्यांनी मात्र ‘गौतमीपुत्र सातकर्णीची कामगिरी लिहा’ याऐवजी बलश्रीच्या लेखातील चार ओळी आणि जोगळटेंभीच्या नाण्याचे वर्णन छापून, दोन्हींतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, असे विचारायला काय हरकत आहे? परीक्षेत असा एक प्रश्न येऊ लागला, की वर्गातल्या वह्या त्याच वर्षी बदलतील.