पाच सेंटिमीटर आणि तीन जिने

[पहाट. लालबागमधल्या एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना. कठड्यावर एक हात. पायांचे आवाज.]

जिन्याचा एक नियम फिजिओथेरपीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. सोपा नियम आहे. अडचण एवढीच, की या मुलाचे दोन्ही पाय दुखरे आहेत. म्हणून तिसऱ्या मजल्यावरून उतरताना तो प्रत्येक पायरीवर थांबतो आणि आधी कुठला पाय टाकायचा ते ठरवतो.

नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, अशी त्याची अट. वय 27. ऑपरेशनच्या आधीची उंची 5 फूट 4 इंच. लग्नाच्या बायोडेटात तो 5 फूट 5 लिहायचा. एक इंच बरेच जण वाढवतात म्हणा. याने पुढे जाऊन उंची वाढवायला दोन्ही नडग्यांची हाडं कापून घेतली.

[जुने फोटो: दोन पायांभोवती धातूच्या रिंगा, हाडातून आरपार गेलेल्या तारांनी धरलेल्या. जवळून: नट, पाना.]

ही पद्धत उंचीसाठी शोधली गेलेली नाही. सायबेरियातल्या कुर्गानचे डॉक्टर गाव्रिल इलिझारोव यांनी 1950च्या दशकात ती घडवली, ती न जुळणाऱ्या, आखूड राहिलेल्या, वाकड्या झालेल्या पायांसाठी. कार्लो माउरी हा इटलीचा गिर्यारोहक जुनं दुखणं घेऊन 1980 साली त्यांच्याकडे गेला आणि बरा होऊन परतला. मग पश्चिमेकडच्या डॉक्टरांना कुर्गानचा पत्ता लागला.

हाड कापायचं. आठवडाभर थांबायचं, म्हणजे फटीत नवं, मऊ हाड धरायला लागतं. ते कडक व्हायच्या आत रिंगांचे नट फिरवून दोन टोकं हळूहळू लांब न्यायची. दिवसाला 1 मिलिमीटर, तेही एका दमात नाही. पाव मिलिमीटर, चार वेळा.

या घरात त्या चार वेळा अशा ठरल्या: सकाळी दूध तापताना, दुपारी जेवणानंतर, दिवेलागणीला आणि झोपताना. पाना तो स्वतः फिरवायचा. आई घड्याळ बघायची. नट फिरताना मात्र ती स्वयंपाकघरात जायची.

[फिजिओचा आवाज, चित्राबाहेरून: "अरे, हाडाचं सोड. हाड वाढेल. पोटरीचं काय?"]

खरी गोष्ट इथून सुरू होते. फटीत हाड नवीन तयार होतं. पोटरीच्या स्नायूला तशी फट नसते. तो आहे तेवढाच असतो, आणि त्याला रोज ओढलं जातं. हा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो आणि टाचेला येऊन चिकटतो. मधली नडगी लांब झाली की तो टाचेला वर खेचतो. लक्ष दिलं नाही तर माणूस चवड्यावर उभा राहतो, आणि तसाच राहतो.

म्हणून पंज्याला टॉवेल अडकवून, गुडघा सरळ ठेवून ओढायचं. गुडघा वाकवला की पोटरी सैल पडते, बरं वाटतं, आणि उपयोग निम्मा होतो. रात्री रिंगेला फळी बांधून तळवा काटकोनात ठेवायचा. याची झोप पहिले दोन महिने तुकड्यातुकड्यांत झाली.

रोज सकाळी आणखी एक परीक्षा: अंगठा वर उचल. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने, बारीक हाडाला वळसा घालून एक नस खाली येते. ती ताणली गेली तर पाऊल लुळं पडतं. एकतिसाव्या दिवशी डावा अंगठा उचलायला उशीर झाला. डॉक्टरांनी वेग कमी केला. 50 दिवसांचा हिशोब 58 वर गेला. अंगठा परत आला.

5 सेंटिमीटर. दोन इंचांना थोडे कमी.

[उन्हाळा. टॅक्सीच्या काचेतून हाजीअली.]

ताणणं संपलं म्हणजे सुटका, असं त्याला वाटलं होतं. पण मऊ हाड पक्कं व्हायला ताणण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. एका सेंटिमीटरमागे साधारण महिना ते दीड महिना रिंगा पायात. हल्ली हाडाच्या आत बसणारे, बाहेरून चुंबकाने लांब होणारे रॉडही आहेत. त्यात पिंजरा टळतो. पोटरी ओढली जायची ती जातेच.

रिंगांवर वजन टाकायचं असतं, कारण भार पडला की नवं हाड भरतं. वॉकर धरून, पाय फाकवून तो घरातल्या घरात चालायचा. पायजम्याची शिवण गुडघ्यापर्यंत उसवून शिंप्याकडून वेलक्रो लावून घेतलं होतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, तारांच्या तोंडाशी दोन ठिकाणी पू झाला. दिवसातून दोनदा ड्रेसिंग.

आणि लोक. मंडळाच्या चार पोरांनी त्याला खुर्चीत बसवून वर चढवला होता. "गाडी कुठे ठोकली?" तो म्हणाला, "हायवेला." मग हायवेचंच चालू राहिलं. एक्स-रेच्या रांगेत शेजारी बसलेल्या माणसाच्या पायातही तशाच रिंगा होत्या. तो लोकलमधून पडला होता. "तुमचं?" त्याने विचारलं. हा मान खाली घालून फोन बघत बसला. फिजिओकडे जाताना वाटेत हाजीअलीची पुनर्वसन संस्था लागते. 1955 सालची. कृत्रिम पाय लावून चालायला शिकणारी माणसं तिथे येतात. टॅक्सी तिथे सिग्नलला थांबली की तो दुसरीकडे बघायचा. हे त्याने आपणहून सांगितलं, आम्ही विचारलं नव्हतं.

[शिवाजी पार्क, सकाळ. कट्ट्याच्या कडेने चालणारे पाय.]

रिंगा निघाल्या. पाय मोकळे झाले, चाल नाही झाली. सहा महिने रिंगा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून पाय फाकवून चाललेला माणूस, रिंगा गेल्या तरी तसाच चालतो. वर मांड्यांचे, कुल्ह्यांचे स्नायू ढिले पडलेले, त्यामुळे प्रत्येक पावलाला कंबर डुलते. फिजिओ मॅडम मागून चालत एकच सांगतात: "टाच. आधी टाच."

चालायला घोटा दहा अंश वर वळला तरी भागतं. पुस्तकात तेवढ्यावर बरी खूण करतात. पण या इमारतीतला संडास भारतीय पद्धतीचा आहे. उकिडवं बसायचं तर टाच जमिनीला टेकून नडगी खूप पुढे झुकावी लागते. वाढीव नडगी आणि आखडलेली पोटरी नेमकी तिथेच अडते. घरात अजून प्लॅस्टिकची कमोड खुर्ची आहे. आई पाहुणे आले की ती चादरीखाली झाकते.

मांडी आधी जमली. गौरीच्या जेवणाला तो पाटावर बसला, उठताना मात्र भाऊजींचा हात लागला. उकिडवं बसताना टाचेखाली घडी घातलेली वर्तमानपत्रं ठेवतात. आधी अख्खा आठवडा लागायचा. आता तीन दिवसांचे पेपर पुरतात.

ऑपरेशन चुकलं का, असं आम्ही विचारलं. "उंचीचं नाही," तो म्हणाला. पुढे बोलला नाही.

[तोच जिना. चौदावा महिना. पाऊस.]

आज लोकलने जायचं आहे. परळहून, स्लो. खांद्याला बॅग, दुसऱ्या हातात छत्री, त्यामुळे कठडा धरलेला नाही. तिसरा मजला, दुसरा, पहिला. खाली आल्यावर कॅमेरामनने विचारलं, शेवटच्या पायरीवर आधी कुठला पाय टाकलास?

तो मागे वळून जिन्याकडे बघतो.

"लक्षात नाही."