डब्यात पाणी आहे

नमस्कार श्रोतेहो.

लाकडी फर्निचरवर लावायचं पारदर्शक, पाण्यावर आधारलेलं फिनिश हा आजचा विषय. कुणी त्याला वॉटर-बेस्ड पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, म्हणतं, कुणी पाण्याचं वार्निश, कुणी नुसतंच क्लिअर कोट. डबा उघडला की आत दुधासारखं पांढरं काहीतरी दिसतं आणि नवखा माणूस दचकतो. हे टेबलावर असंच पांढरं दिसणार का? नाही. राळेचे अगदी सूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात, त्यांच्यावर उजेड विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना बिलगतात, एकजीव होतात आणि लाकडावर स्वच्छ थर उरतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, आणि पुढे पुन्हा पुन्हा सांगणार आहे. या डब्यात पाणी आहे. तेलाच्या वार्निशची सवय असलेल्या हातांना हेच लक्षात राहत नाही. पाणी लाकूड फुगवतं. पाणी लोखंडाला गंज चढवतं. पाणी तेलाशी आणि मेणाशी जमवून घेत नाही. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की या कामातल्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

आता मला फार आवडणारी गोष्ट सांगतो. एका टेबलाची. ओकच्या लाकडाचं, पाच फूट बाय तीन फूट, जुनं आणि भरभक्कम. घरात आजोबा, तेलाच्या पॉलिशमध्ये उभं आयुष्य घातलेले, हात असा की बोट फिरवून सांगतील पृष्ठभाग कुठे कमी घासलाय. घरात तान्हं बाळ होतं, म्हणून नातीनं उग्र वास नको म्हणून पाण्याच्या फिनिशचा डबा आणला. आजोबा म्हणाले, "दे इकडे. वार्निश ते वार्निश."

घासणं त्यांनी नमुनेदार केलं. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २२०, आणि सगळं रेषांच्या दिशेनं. आडवं एकदाही नाही. कोरड्या फडक्यानं भुकटी झटकली आणि पहिला हात मारला. दुपारी टेबलावरून तळवा फिरवला तर दोन दिवसांची दाढी वाढल्यासारखं खरखरीत! आजोबा म्हणाले, माल खराब आहे. माल चांगला होता. घासताना लाकडाचे तंतू कापले जातात आणि दबून आडवे पडतात. त्यांना पाणी मिळालं की ते फुगतात आणि उभे राहतात. तेल त्यांना उभं करत नाही, पाणी करतं. डब्यात पाणी आहे.

खरखर काढायला आजोबांनी आयुष्यभर जे वापरलं होतं तेच हातात घेतलं: स्टील वूल, चार शून्यांची म्हणजे अगदी बारीक, केसांसारख्या पोलादी तारांचा पुंजका. तेलाच्या वार्निशवर दोन हातांच्या मध्ये हीच घासायची. पाच मिनिटांत टेबल रेशमासारखं झालं. पुसलं, दुसरा हात मारला. संध्याकाळी दिव्याखाली ते टेबल इतकं सुरेख दिसत होतं की घरातल्या सगळ्यांनी येऊन पाहिलं.

सकाळी नातीला टेबलावर बारीक काळे ठिपके दिसले, शाईचं पेन झटकल्यासारखे. तिनं ओल्या फडक्यानं पुसले, जाईनात. नखानं खरवडले, जाईनात, कारण ते थराच्या आत होते. आजोबांनी तिसरा हात मारला. पण पारदर्शक फिनिश काही झाकत नाही, श्रोतेहो, ते फक्त दाखवतं. दोन दिवसांनी प्रत्येक ठिपक्याभोवती निळसर काळं वलय उमटलं होतं.

झालं असं होतं. स्टील वूल घासताना झिजते, तिचे तुकडे पडतात. ओकच्या लाकडाची छिद्रं मोठी आणि उघडी असतात, तिथे हे तुकडे जाऊन बसले. फडक्यानं ते निघत नाहीत. वरून पाण्याचा हात पडला आणि लोखंड गंजलं. त्यात ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं, आणि लोखंड अन् टॅनिन ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी लिहायची शाई याच रसायनानं बनवत. म्हणजे आजोबांनी नकळत टेबलावर शाई बनवली होती. पुन्हा सांगतो: पाण्याच्या फिनिशच्या आधी किंवा मध्ये स्टील वूल नको. कितीही बारीक असली तरी नको. त्या जागी ३२० नंबरचा पेपर घ्या, नाहीतर सिंथेटिक घासणी.

आजोबांचं मला कौतुक वाटतं ते पुढच्या भागासाठी. त्यांनी सगळं काढून टाकलं. तीन हात खरवडून, घासून, कोऱ्या लाकडापर्यंत आले. तरी छिद्रांतले काही ठिपके राहिलेच. त्यावर उपाय ऑक्झॅलिक ॲसिडचा. एक लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात. लोखंडी भांडं नको. हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण ते विषारी आहे. मुलं आणि जनावरं दूर ठेवायची. नुसत्या ठिपक्यांवर लावायचं नाही, पूर्ण फळीभर लावायचं, नाहीतर ठिपके जाऊन त्यांच्या जागी फिकट चट्टे येतात. डाग उतरले की स्वच्छ पाण्यानं दोनतीनदा धुवायचं आणि दोन दिवस सुकू द्यायचं. न धुता घासलं तर त्या स्फटिकांची भुकटी नाकाघशात जाते आणि भयंकर झोंबते. धुऊन सुकवल्यावरसुद्धा घासताना मास्क लावायचा.

हे धुणं त्यांच्या पथ्यावरच पडलं. तंतू एकदा भिजून उभे राहिले होते, आता ते कापून टाकायचे एवढंच उरलं. तुमचं लाकूड धुवावं लागलं नसेल तर हे मुद्दाम करा. शेवटचं घासणं झालं की फडकं ओलं करून पिळा, सगळा पृष्ठभाग पुसून ओलसर करा, रात्रभर सुकू द्या आणि २२० च्या पेपरनं हलक्या हातानं उभे तंतू तेवढे काढा. हलक्या हातानं म्हणतोय मी. जोर लावला तर खालचे नवे तंतू उघडे पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून. मग व्हॅक्यूम क्लीनर, आणि शेवटी किंचित ओलसर फडकं. धूळ टिपायला मिळणारं चिकट कापड इथे वापरू नका, त्यातला मेणकट अंश लाकडावर उतरतो.

दुसऱ्यांदा ब्रशही बदलला. आजोबांचा जुना ब्रश डुकराच्या केसांचा होता, तेलाला उत्तम. पण नैसर्गिक केस पाणी पितात, मऊ पडतात, फिसकारतात. पाण्याच्या फिनिशला नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा ब्रश, टेबलासाठी दोन ते अडीच इंच रुंद. आधी तो पाण्यात बुडवून झटकून घ्यायचा, म्हणजे फिनिश केसांच्या मुळाशी वाळत नाही. काम संपलं की लगेच साबण आणि पाण्यानं धुवायचा. एकदा वाळलं की पाणी त्याचं काही करू शकत नाही. ब्रश धुणं मुलांना शाळेत शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. अवजार जपायची सवय वहीत लिहून लागत नाही, हात ओले करावे लागतात.

आता लावण्याची पद्धत. तेलाचं वार्निश बराच वेळ ओलं राहतं, म्हणून त्यावरून परत परत ब्रश फिरवून खुणा मिटवायची रीत आहे. इथे तीनपाच मिनिटांत थर धरायला लागतो. अर्धवट धरलेल्या थरावर ब्रश फिरला की तो ओढला जातो आणि नांगरल्यासारख्या रेघा पडतात. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांब, सरळ पट्टा ओढायचा, पुढचा पट्टा आधीच्या ओल्या काठावर थोडा चढवायचा, आणि मागे वळायचं नाही. एखादी जागा सुटली तर सुटू द्या, पुढच्या हातात भरते. सुटलेली जागा आजोबांना सहन होईना. नातीनं त्यांचा हात धरून ठेवला, अक्षरशः.

हात पातळ हवा. दीड मीटर बाय नव्वद सेंटीमीटरच्या टेबलाला एका हाताला सव्वाशे ते दीडशे मिलीलिटर पुरतं. त्यापेक्षा जास्त संपलं तर थर जाड झाला असं समजा. जाड थर वरून वाळतो आणि आत पाणी अडकतं, मग पांढुरका धूसरपणा दिसतो, कडांना ओघळ येतात. असे पातळ चार हात, दोन हातांमध्ये दोन ते चार तास. पहिल्या हातानंतर ३२० च्या पेपरनं हलकं घासायचं, पुढेही प्रत्येक हाताआधी एकदा फिरवायचा. बारीक पांढरी भुकटी पडली तर थर सुकलाय. पेपरवर चिकट गोळ्या जमल्या तर थांबा, अजून वेळ आहे. कडांवर सांभाळा, तिथे थर सगळ्यात पातळ असतो आणि पेपर पटकन लाकडाला भिडतो. चौथ्या हातानंतर मात्र घासायचं नाही.

आणि डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की फेस होतो आणि ते बुडबुडे टेबलावर वाळतात. सॅटिन किंवा मॅट, म्हणजे कमी चकाकीचं, घेतलं असेल तर चकाकी कमी करणारी भुकटी तळाशी बसते, म्हणून चपट्या काठीनं तळापासून हळूहळू ढवळा. न ढवळता वापरलं तर पहिला हात चकचकीत आणि शेवटचा धुरकट. फार चकाकीचा सोस करू नये असं मला वाटतं. चकाकीत प्रत्येक ओरखडा ओरडून दिसतो, सॅटिनमध्ये लाकूड दिसतं.

टेबल झालं. आजोबांनी तळवा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रंग फिका आहे." आणि ते खरं होतं. तेलाचं वार्निश लाकडाला मधासारखी ऊब देतं आणि वर्षांगणिक पिवळं होत जातं. पाण्याचं फिनिश लाकूड जवळजवळ जसं आहे तसं ठेवतं. फिक्या लाकडावर हा गुण. गडद लाकडावर, विशेषतः अक्रोडावर, तेच थोडं निर्जीव वाटतं. तिथे आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या. ऊब येते आणि लाखेवर पाण्याचं फिनिश उत्तम धरतं. फिकं, देखणं लाकूड गडद स्टेननं, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगानं, बुजवून टाकतात, त्याचं मात्र मला वाईट वाटतं.

उरलेलं भराभर सांगतो.

तेलाचा स्टेन लावला असेल तर तो पूर्ण सुकू द्या, निदान दोन-तीन दिवस. वास येतोय तोवर थांबा. सागवानासारख्या तेलकट लाकडाला लावण्याच्या जरा आधी स्पिरिटनं किंवा ॲसिटोननं पुसा, जवळ ज्योत नको, खिडकी उघडी हवी. जुन्या फर्निचरवर सिलिकॉनचं चकाकीचं पॉलिश फवारलेलं असेल तर नव्या थरात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, फिनिश तिथून पळतं. कितीही हात मारा, पळतंच. आधी टर्पेंटाइननं धुवा, फडकी बदलत राहा, मग तीच मेण काढलेली लाख मध्ये आडोसा म्हणून द्या. शंका असेल तर मेजाखाली, न दिसणाऱ्या जागी वीतभर लावून पाहा.

हवा २० ते २५ अंशांची चांगली. १० अंशांच्या खाली राळेचे कण एकजीव होत नाहीत आणि थर भुसभुशीत राहतो. कोंदट, पावसाळी दिवशी पाणी उडत नाही, काम पुढे ढकला. उलट कडक उन्हात किंवा पंख्याच्या थेट झोतात थर इतका पटकन धरतो की ब्रशच्या खुणा तशाच राहतात.

फळीच्या खालच्या बाजूलाही हात मारा. दिसत नाही म्हणून सोडू नका. वरची बाजू बंद आणि खालची उघडी असली की दमट हवा एकाच बाजूनं शिरते आणि फळी वाकते.

आता सर्वात जास्त विसरली जाणारी गोष्ट: सुकणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. तासाभरात हाताला कोरडं लागेल. दुसऱ्या दिवशी हलकं सामान ठेवता येईल. पण थर पुरता कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर गरम भांडं नको, ओलं फडकं पसरून ठेवणं नको, आणि पुस्तकांच्या कपाटात पुस्तकं नकोत. कोवळ्या थरावर जड पुस्तकं उभी केली तर ती चिकटतात आणि काढताना मुखपृष्ठाचा कागद फळीवर राहतो. टेबलावर प्लास्टिक तर अंथरूच नका. महिन्यानंतरही अंथरू नका असं मी म्हणेन. चार हात कशासाठी मारले? टेबल वापरायचं, त्यावर मुलांनी अभ्यास करायचा. ओरखडे आले तर काही वर्षांनी ३२० नं घासून वर एक हात द्यायचा, लाकूड पुन्हा नवं दिसतं.

उरलेलं फिनिश पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. झाकण उघडताना काठावरचा लेप खरवडला जातो, तिथे गंज धरतो आणि त्याचे कण आत पडतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बाटलीत, काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवा. गोठेल अशा थंडीत ठेवू नका. बाटलीवर तारीख लिहा. पुढच्या वेळी वापरताना जुन्या नायलॉन मोज्यातून गाळून घ्या, आणि ब्रश कधीही थेट बाटलीत बुडवू नका, लागेल तेवढंच वाटीत काढून घ्या.

नमस्कार.